मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग : सायकोसिसमधून सावरणाऱ्या तरुणांसाठीच्या एका मोफत संचाचे परीक्षण

स्किझोफ्रेनिया आणि सायकोसिसचे, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या अवस्थेचे, इतर आजार बहुधा सतरा-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतच्या काळात डोके वर काढतात. कॉलेज, पहिली नोकरी, मैत्री आणि प्रेम यांची घडी बसायची तीही नेमकी हीच वर्षे असतात. औषधांनी भास ओसरतात, झोप लागू लागते, संशयाची धार कमी होते. पण रुग्णालयातून घरी आलेला मुलगा मित्रांचे फोन उचलत नाही, मावशीने सहज विचारलेल्या प्रश्नात त्याला टोमणा ऐकू येतो आणि जेवताना आई-वडील एकमेकांकडे पाहून गप्प झाले, तर ते आपल्याविषयीच काहीतरी ठरवत आहेत असे त्याला वाटते. या उरलेल्या अडचणीवर गोळ्या फारशा चालत नाहीत. तिच्यावर काम करण्यासाठी जी मोजकी तयार साधने उपलब्ध आहेत, त्यांपैकी मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग (स्वतःच्या विचार करण्याच्या सवयींकडे पाहायला शिकवणारे प्रशिक्षण) हा संच मी पुण्यातील एका डे-केअर केंद्रात तरुण शुभार्थींच्या, म्हणजे आजारातून सावरणाऱ्यांच्या, गटांसाठी बराच काळ वापरत आले आहे. मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ती म्हणून त्याविषयीचे माझे मत येथे सविस्तर मांडत आहे. ते सहकाऱ्यांच्या उपयोगी पडेलच, पण घरातील मुलाला अशा गटात पाठवावे की नाही या विचारात असलेल्या शुभंकरांच्या, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, अधिक उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे.

आधी हा संच म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगते. जर्मनीतील हॅम्बुर्ग-एपेनडॉर्फ विद्यापीठ रुग्णालयातील श्टेफन मोरित्झ आणि कॅनडातील टॉड वुडवर्ड या दोन संशोधकांनी तो तयार केला. तो संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो आणि आजवर तीसहून अधिक भाषांत त्याची रूपांतरे झाली आहेत. आठ मुख्य विषय, प्रत्येक विषयासाठी पडद्यावर दाखवायच्या पानांचे दोन वेगवेगळे संच, गट चालवणाऱ्यासाठी मार्गदर्शिका, घरी करायच्या अभ्यासाची पत्रके आणि प्रत्येकाने जवळ बाळगायचे एक पिवळे व एक लाल कार्ड, एवढे साहित्य त्यात मिळते. आत्मसन्मान आणि आजाराचा कलंक या विषयांवरच्या जादा सत्रांची भर त्यात नंतर पडली. एक सत्र पाऊण तास ते तासाभराचे असते, गटात तीन ते दहा जण असावेत अशी अपेक्षा असते आणि कोणत्याही सत्रापासून सुरुवात करता येते. ही शेवटची सोय वरवर किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे तिचे मोल फार आहे. एखादा मुलगा काही आठवडे नियमाने येतो, मग परीक्षा, गावची जत्रा किंवा नुसताच आलेला कंटाळा यांमुळे दिसेनासा होतो आणि पुन्हा एके दिवशी दारात उभा राहतो. सत्रांचा क्रम पक्का ठरलेला असता, तर अशा मुलाला परत सामावून घेणे अवघड झाले असते.

संचामागची मूळ भूमिका मला मनापासून पटते. आजारात मुलाच्या मनात जो भ्रम, म्हणजे पुराव्याशिवाय पक्का बसलेला समज, घर करतो, त्या भ्रमाला गटात कोणी थेट हात घालत नाही. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे मानणाऱ्या माणसाशी वाद घातला, की त्याचे म्हणणे अधिकच पक्के होते, हे प्रत्येक शुभंकराने घरी अनुभवलेले असते. येथे बोलणे सुरू होते ते सगळ्याच माणसांच्या विचारांत होणाऱ्या चुकांपासून : अपुऱ्या माहितीवर निष्कर्ष काढणे, घडलेल्या गोष्टीचे खापर एकाच कारणावर फोडणे, विरुद्ध पुरावा समोर आला तरी मत न बदलणे, स्वतःच्या आठवणीवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवणे. आधी रोजच्या आयुष्यातील उदाहरणे येतात, मग खेळासारखे अभ्यास येतात आणि अगदी शेवटी, हीच सवय आजारात किती टोकाला जाऊ शकते, हे सांगितले जाते. त्यामुळे आजारी म्हणून वेगळे काढले गेल्याची भावना मुलांच्या मनात येत नाही, आणि पहिल्या सत्रात हाताची घडी घालून भिंतीकडे पाहत बसलेली मुलेही दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापाशी नकळत उत्तरे देऊ लागतात.

घाईने निष्कर्ष काढण्यावरचे सत्र त्यांत सर्वांत उजवे आहे. त्यामागे बऱ्याच वर्षांचे संशोधन आहे. १९८८ साली लंडनमधील संशोधकांनी दोन बरण्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बरणीत एका रंगाचे ८५ आणि दुसऱ्या रंगाचे १५ मणी, तर दुसऱ्या बरणीत नेमके उलट प्रमाण. एकेक मणी दाखवत जायचे आणि ते कोणत्या बरणीतून येत आहेत याची खात्री पटली, की सांगायचे. भ्रम असलेली माणसे इतरांच्या मानाने कमी मणी पाहूनच खात्रीचे उत्तर देतात, असे त्यात आढळले आणि पुढील अनेक अभ्यासांत ते पुन्हा दिसून आले. संचात याच तत्त्वावर तुटक रेषांची चित्रे दिली आहेत. चित्र टप्प्याटप्प्याने पूर्ण होत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर, हे काय असेल आणि आपल्याला किती खात्री आहे, हे सांगायचे असते. पहिल्या चार रेषांवरून ठामपणे दिलेले उत्तर चित्र भरत गेल्यावर चुकीचे ठरते, तेव्हा खोलीत हशा पिकतो, आणि त्या हशात कोणाचाही पाणउतारा होत नाही, कारण बहुतेक सगळेच चुकलेले असतात, गट चालवणारी सहकारीसुद्धा.

पिवळ्या कार्डावर तीन प्रश्न असतात. पुरावा काय आहे? याकडे दुसऱ्या रीतीने पाहता येईल का? आणि समजा तसेच असले, तरी मी गरजेपेक्षा जास्त मनावर घेतो आहे का? आमच्या गटातील एका मुलाने (त्याची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत) हे कार्ड बसथांब्यावर वापरले. समोर उभ्या असलेल्या दोन मुली हसल्या आणि नेहमीप्रमाणे तेथून निघून जावे असे त्याला वाटले. त्याने खिशातून कार्ड काढले आणि नंतर घरी अभ्यासाच्या पत्रकावर लिहिले : “पुरावा – हसल्या, पण बघत मोबाइलकडे होत्या. दुसरी शक्यता – रील बघत असतील. तिसरे – मला हसल्या असल्या तरी बस कशाला सोडायची?” पुढच्या सत्रात त्याने हे वाचून दाखवले, तेव्हा त्याच्या बाजूला बसलेला, सहसा न बोलणारा मुलगा म्हणाला, “मी तर रोज बस सोडतो.” त्या दिवशी ठरलेली पाने तशीच राहिली आणि उरलेला सगळा वेळ बस, लोकलचा डबा आणि कॉलेजचे कँटीन यांवरच बोलणे झाले. सगळी पाने संपवलीच पाहिजेत असा मार्गदर्शिकेचा आग्रह नाही, ही तिची मोठी समजूतदार बाजू आहे.

आता संचाच्या मध्यावर असलेल्या, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्याविषयीच्या दोन सत्रांकडे येते. तरुणांच्या दृष्टीने हाच सगळ्यांत कळीचा भाग आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ साली असा विचार मांडला, की सायकोसिसमधील कित्येक लक्षणांच्या मुळाशी स्वतःच्या व इतरांच्या मनातील हेतू ओळखण्यातील बिघाड असावा. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून हा बिघाड दोन अंगांनी दिसतो. काही मुलांना समोरच्याची सूचक बोलणी, चेहऱ्यावरची नाराजी, आवाजातील बदल कळतच नाहीत. काहींना मात्र जिथे काहीच हेतू नाही तिथेही हेतू दिसतो. एकाच मुलात दोन्ही सापडतात, आणि कधी एकाच दिवशी. आई दमली आहे हे त्याला कळत नाही, पण दूधवाल्याने आज पिशवी उजव्या बाजूला का ठेवली याचा अर्थ तो दिवसभर लावत बसतो.

हा दुसरा प्रकार हाताळण्याची संचाची पद्धत साधी आणि कल्पक आहे. चित्रमालिका उलट्या क्रमाने दाखवली जाते. आधी शेवटचे चित्र येते, मग त्याच्या आधीचे, मग त्याच्याही आधीचे. प्रत्येक पायरीवर, या पात्राला आत्ता काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, असा प्रश्न विचारला जातो. त्याच धर्तीवर आम्ही आमची एक मालिका काढून घेतली. शेवटच्या चित्रात गल्लीतून एक तरुण जात आहे आणि पहिल्या मजल्यावरील बाई घाईने खिडकी लावून घेत आहेत. गटाचे एकमत झाले की त्या त्याला टाळत आहेत. मग आधीचे चित्र दाखवले : तरुणाच्या पाठीमागून महापालिकेची डासांसाठी धूरफवारणी करणारी गाडी येते आहे. सगळे हसले, पण एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, “पण मॅडम, त्याने गाडी बघितलीच नाही ना. मग त्याला वाईट वाटलं ते खरंच आहे. फक्त कारण खोटं आहे.” सायकोसिसमधून गेलेल्या माणसाच्या दुःखाविषयी इतके नेमके बोलणे मी तज्ज्ञांच्या व्याख्यानांतही क्वचितच ऐकले आहे. चांगल्या साधनाने माणसाला त्याचे स्वतःचे शब्द सापडायला मदत करावी, ही अपेक्षा हे सत्र पूर्ण करते.

मात्र मूळ साहित्य जसेच्या तसे वापरण्यात अडचणी आहेत. चेहरे, प्रसंग, चित्रकृती बहुतांशी पाश्चात्य आहेत. युरोपीय चित्र पाहून त्याचे योग्य शीर्षक ओळखण्याचा अभ्यास आमच्याकडील मुलांना विचारपद्धतीपेक्षा सामान्यज्ञानाची परीक्षा वाटतो. त्याहून मोठी अडचण सूचक बोलण्याची आहे. आपल्या घरांत निम्मा संवाद आडून चालतो. “साखर संपलीये वाटतं” म्हणजे दुकानात जाऊन ये, “बराच वेळ झाला नाही?” म्हणजे आता पाहुण्यांनी उठावे, लग्नघरात काकांनी “ये की रे कधीतरी” म्हटले, तर ते खरे निमंत्रण आहे की नुसती रीत, हे ठरवताना धडधाकट माणूसही गोंधळतो. अशा बोलण्याचा अर्थ न लागल्यामुळे किती मुलांना घरात उद्धट ठरवले जाते, हे मी पाहिले आहे. ही उणीव आपल्या देशातील संशोधकांनी फार पूर्वी ओळखली होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील उर्वक्ष मेहता, जगदीश तीर्थळ्ळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक आकलन, म्हणजे इतरांचे भाव व हेतू ओळखण्याची क्षमता, मोजण्यासाठी भारतीय परिस्थितीला साजेशी चाचणी तयार केली आणि २०११ साली ती पडताळून प्रसिद्ध केली. मोजण्यासाठी झालेले हे काम पाहून शिकवण्याचे साहित्यही आपल्या मातीतले तयार व्हावे, असे फार वाटते. तोपर्यंत गट चालवणाऱ्याने स्वतः प्रसंग लिहायला हवेत. आमच्या गटात इंग्रजी पानांवरचा मजकूर मी तोंडी मराठीत सांगत असे आणि सोसायटीची मीटिंग, शेअर रिक्षा, हळदीकुंकू, क्लासमधील बाक असे प्रसंग मुलांकडूनच घेत असे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्याकडे येते. गटातील एक मुलगी चेहऱ्यांवरील भाव ओळखण्यात सर्वांत पुढे होती. चित्रमालिकेतील प्रत्येक पात्राला काय माहीत आहे आणि काय नाही, हे ती इतरांना समजावून सांगत असे. मध्यंतरी मी काही दिवस रजेवर गेले आणि माझ्या जागी सहकाऱ्याने सत्रे घेतली, तेव्हा तिने येणे बंद केले. मी परत आल्यावर बऱ्याच विनवण्यांनंतर ती आली आणि खाली पाहत म्हणाली, “तुम्ही पण जाणारच होता. मला माहीत होतं.” चित्रातील माणसांविषयी चार-चार शक्यता सुचवणाऱ्या मुलीकडे माझ्याविषयी एकच निष्कर्ष होता, आणि तिच्या पर्समधील पिवळे कार्ड त्या काळात एकदाही बाहेर आले नव्हते. कौशल्य तिच्याकडे होते. ज्या नात्यात काही गमावण्याची भीती होती, तिथे ते तिला वापरता आले नाही.

याचे उत्तर नात्यांच्या ओढीविषयीच्या संशोधनात सापडते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून सविस्तर मांडणी केली, की मूल आपल्या जवळच्या माणसाकडे सुरक्षिततेसाठी ओढ घेते आणि त्या अनुभवातून, लोक भरवशाचे आहेत का, गरज पडल्यास आपल्यापाशी कोणी येईल का, याविषयीची त्याची अपेक्षा घडत जाते. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता-बालकांचे निरीक्षण करून, ही अपेक्षा वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या ठेवणीची असते, हे दाखवले. पुढे लंडनमध्ये पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी त्यात महत्त्वाची भर घातली : दुसऱ्याचे मन वाचण्याची क्षमता सुरक्षित नात्यात वाढीस लागते, आणि नाते धोक्यात आहे असे वाटले की तीच क्षमता ऐनवेळी ढासळते. सायकोसिस झालेल्या व्यक्तींमध्ये असुरक्षित, म्हणजे जवळच्या माणसांचा भरवसा न वाटण्याची, ठेवण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त प्रमाणात आढळते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांनी तर आजाराचा पहिलाच झटका आलेल्या तरुणांच्या दीर्घ मुलाखती घेऊन, नात्यांची ठेवण आणि मनाचे आकलन या दोन्हींचा एकत्र अभ्यास केला आहे. जो तरुण जवळीक टाळतो, त्याला उपचार करणाऱ्यांशीही जुळवून घेणे जड जाते, हे आमच्यासारख्यांना रोज दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण या विषयावर बोलताना समोर बसलेल्या आईचा चेहरा उतरतो. मुलाची नात्यांची ठेवण असुरक्षित आहे, म्हणजे आईने त्याला आजारी पाडले, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. १९४८ साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनियाला कारणीभूत ठरणाऱ्या आईची कल्पना लिहून ठेवली आणि पुढे कित्येक वर्षे असंख्य घरांनी तिचा अकारण दोष वाहिला. ती कल्पना पुराव्याअभावी कधीच मागे पडली आहे. भरवसा ढासळण्याची कारणे अनेक असतात : शाळेतील छळ, लवकर झालेला जवळच्या माणसाचा मृत्यू, अत्याचार, आणि स्वतः आजारही. सगळे जग आपल्याविरुद्ध उठले आहे असा काळ ज्याने महिनोन्महिने काढला, आणि ज्याला त्याच्या मनाविरुद्ध घरच्याच माणसांनी गाडीत बसवून रुग्णालयात नेले, त्याचा घरच्यांवरील विश्वास डळमळला, तर त्यात नवल नाही. त्या घरच्यांपुढे त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे असते.

या बाजूविषयी संच जवळजवळ गप्प आहे, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. गट एकाच व्यक्तीने चालवावा का, ती रजेवर गेली तर काय करावे, न आलेल्याची विचारपूस कोणी आणि कशी करावी, शेवटच्या सत्रानंतर निरोप कसा घ्यावा, यांची तयारी सत्रांच्या आखणीत नाही. ती आम्हाला बाहेरून करावी लागली. दोन ठरलेल्या व्यक्ती गट चालवतात, जेणेकरून एक नसली तरी ओळखीचा चेहरा समोर असतो. रजा आधीच सांगितली जाते आणि परत येण्याची तारीख फळ्यावर लिहिली जाते. जो आला नाही, त्याला त्याच संध्याकाळी फोन जातो; त्यात कारण विचारले जात नाही, फक्त पुढची भेट कधी आहे ते सांगितले जाते. एखाद्या मुलाला गोलात बसणे नको वाटले, तर दाराजवळची खुर्ची त्याची असते आणि ती हलवायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. जवळीक टाळणाऱ्या मुलाला सत्राच्या शेवटी कौतुकाने पाठीवर थाप मारण्यापेक्षा, गेल्या वेळी त्याने सांगितलेली लहानशी गोष्ट लक्षात ठेवून विचारणे अधिक मानवते. या गोष्टी सुरू केल्यानंतर मुले टिकू लागली, आणि सत्रातले शिक्षण सत्राबाहेर उतरू लागले.

तुलनेसाठी, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला सामाजिक आकलनाचा दुसरा एक कार्यक्रम आहे. तो वीस-चोवीस सत्रांचा, म्हणजे बराच लांब असतो. पण प्रत्येकाने सत्राबाहेर एका विश्वासू जोडीदाराबरोबर सराव करायचा, ही त्यातील योजना आम्ही उचलली आहे. काहींचा जोडीदार भाऊ असतो, एकाची आजी होती. आजींना पानांवरचे काही वाचता येत नव्हते, पण संध्याकाळी टीव्हीवरील मालिका पाहताना “ही आता असं का म्हणाली असेल रे?” हा प्रश्न त्या नातवाला न चुकता विचारत असत, आणि याहून चांगला सराव मला कोणत्याही संचात सापडलेला नाही.

आजींवरून घराकडे येते. घरातील वातावरण आणि आजार उलटणे यांचा संबंध लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतर ज्युलियन लेफ, क्रिस्टीन व्हॉन यांनी अभ्यासला. सततची टीका, वैर आणि जिवाला घोर लावून घेत मुलाला क्षणभरही मोकळे न सोडणे, हे जिथे जास्त असते, तिथे आजार पुन्हा उफाळण्याचा धोका वाढतो, असे त्यांना दिसले. चंदीगडमध्ये नरेंद्र विग आणि सहकाऱ्यांनी लेफ यांच्याबरोबर तोच अभ्यास केला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, असे टीकेचे प्रमाण जास्त असलेले नातेवाईक तिथे लंडनपेक्षा बरेच कमी होते. स्किझोफ्रेनियावर काम करणारी चेन्नईची स्कार्फ संस्था आणि कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी पहिल्या झटक्यानंतरच्या तरुणांची दोन वर्षांची तुलना केली, तेव्हाही बोलणे, उत्साह, मिसळणे यांतील सुधारणा चेन्नईत जास्त दिसली आणि तेथील कुटुंबे उपचारांत अधिक गुंतलेली आढळली. आपल्याकडील कुटुंब ही एवढी मोठी शक्ती असताना, संचात कुटुंबासाठी सत्र नसणे आम्हाला खटकले. म्हणून प्रत्येक फेरीत एकदा शुभंकरांना बोलावून घाईच्या निष्कर्षाचे सत्र त्यांच्यासाठीच घेतो. मुलगा दिवसभर अंथरुणात पडून असतो, आळशी झाला आहे, अशी तक्रार करणारे एक वडील तुटक चित्रांचा अभ्यास झाल्यावर बराच वेळ पत्रक हातात धरून बसले आणि म्हणाले, “म्हणजे आळस आहे हे मी पण चार रेघांवरूनच ठरवलं.” निरुत्साह हे या आजाराचेच एक लक्षण आहे, हे मी त्यांना आधी अनेकदा सांगितले होते. ते त्यांना पटले ते या अभ्यासानंतर.

परिणामाच्या पुराव्याबद्दल थोडक्यात. २०२२ साली जामा सायकायट्री या नियतकालिकात या प्रशिक्षणावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भ्रम, भास आणि विचारातील घाई यांवर त्याचा उपयोग होतो आणि तो वर्षभरापर्यंत टिकल्याचे दिसते, असा त्याचा निष्कर्ष आहे. दैनंदिन जीवनातील सुधारणा दिसली, पण ती तुलनेने लहान. माझा अनुभव याच्याशी जुळतो. संशय हाताळणे मुले लवकर शिकतात. मित्राला आपणहून फोन करणे फार उशिरा येते, आणि ते येण्यासाठी गटाबाहेरचे नाते लागते. हॅम्बुर्गच्याच संशोधकांनी काढलेले कोजिटो नावाचे मोफत मोबाइल ॲपही आहे. इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुलांनी ते जोडीला वापरण्यास हरकत नाही, पण एकट्याने घरात बसून वापरायचे आणखी एक साधन या मुलांना द्यावे का, याबाबत मी साशंक आहे.

हा संच कोणासाठी नाही, तेही सांगते. मुलगा फार अस्वस्थ, आक्रमक किंवा भासांत पूर्ण गुंतलेला असेल, तर आधी औषधोपचाराने तो काळ निवळू द्यावा. गट सुरू झाला म्हणून गोळ्या कमी करण्याचा विचार कोणी परस्पर करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. एखाद्याच्या भ्रमाविषयी सर्वांसमोर खोलात शिरू नये, त्यासाठी स्वतंत्र भेट ठेवावी. आणि ज्या केंद्रात कर्मचारी दर दोन महिन्यांनी बदलतात, तिथे हा कार्यक्रम सुरू करण्याआधी माणसे टिकवण्याची सोय करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. साहित्य फुकट मिळते म्हणून खर्च नाही, असा समज करून घेऊ नये. खरा खर्च त्याच दोन माणसांनी आठवड्यामागून आठवडा त्याच खोलीत हजर राहण्याचा आहे.

एवढे जमणार असेल, तर मी हा संच निःशंकपणे सुचवेन. सुरुवात घाईच्या निष्कर्षाच्या सत्राने करावी, कारण त्यात हसू जास्त आणि भीती कमी आहे. दुसऱ्याचे मन ओळखण्याची दोन्ही सत्रे गट एकमेकांना रुळल्यावर घ्यावीत. पिवळे कार्ड छापून वाटण्याऐवजी जाड कागदावर प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या बोलीत लिहून घ्यावे, आमच्याकडील एका मुलाने तिसरा प्रश्न “लई ताणतोय का मी?” असा लिहिला आहे आणि तो त्याला चांगला लागू पडतो. लाल कार्डावर अडचणीच्या वेळी कोणाशी बोलायचे ते लिहायचे असते. तिथे आपल्या डॉक्टरांचा क्रमांक, घरातील ज्या व्यक्तीशी त्याचे खरोखर पटते तिचा क्रमांक, आणि २०२२ पासून केंद्र सरकारने सुरू केलेल्या, मराठीतही बोलता येणाऱ्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक असावा. घरातील व्यक्ती कोणती, हे मुलालाच ठरवू द्यावे. पालकांनी सुचवलेले नाव आणि त्याने लिहिलेले नाव बहुधा वेगळे निघते, आणि पुढची भेट त्या दुसऱ्या माणसाला बोलावूनच घ्यावी.